वात, प्रलाप आणि ‘शांत’ रुग्ण

तापाच्या भरात माणूस असंबद्ध बोलू लागला की ‘त्याला वात झाला’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. बरळणे, चळणे, भ्रमिष्टासारखे करणे असे आणखीही शब्दप्रयोग आहेत, आणि जरा संस्कृत वळणाने लिहायचे तर ‘प्रलाप’ आहेच. तेव्हा डॉक्टर ज्याला ‘डिलिरियम’ म्हणतात त्या अवस्थेसाठी मराठीत शब्द नाही, अशी तक्रार करता येणार नाही. अडचण वेगळीच आहे. हे बहुतेक शब्द बोलण्याचे आहेत, गोंगाटाचे आहेत. जो ओरडतो, उठून पळू पाहतो, सलाइनची नळी उपसतो, भिंतीवर नसलेली माणसे पाहतो, त्याला ते बरोबर लागू पडतात. जो काहीच बोलत नाही, हाक मारली की क्षणभर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो, ज्याच्या ताटातला घास हातातच राहतो, त्याच्यासाठी आपल्या बोलीत शब्द नाही. त्याला आपण ‘शांत पडून आहेत’ असे म्हणतो, आणि रुग्णालयातही तेच म्हणतात.

मूळ लॅटिन शब्दात आवाजाचा संबंध नाही. नांगराचा फाळ तास सोडून भलतीकडे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. ग्रीक वैद्यांकडे तर दोन स्वतंत्र नावे होती, एक खवळलेल्या रुग्णासाठी आणि दुसरे सुस्तावलेल्यासाठी. चरकसंहितेतील संनिपात ज्वराच्या वर्णनात प्रलापाबरोबर तंद्राही सांगितलेली आहे. म्हणजे ग्रंथांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या, लोकव्यवहाराने मात्र त्यांतली एकच जपली. भाषेच्या अभ्यासकाला हे नुसते कुतूहलाचे प्रकरण वाटेल. परंतु रुग्णालयात त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून हा लेख.

आम्ही दोघीही महाविद्यालयात मराठी शिकवतो, वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण डिलिरियम ओळखण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी ‘या माणसाचे नेहमीचे बोलणे कसे असते’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राकडे नसते. ते घरच्या माणसाकडे असते. त्याला ते कोणी विचारत नाही, हे आमचे म्हणणे.

प्रथम अवस्था कोणती ते सांगायला हवे. डिलिरियम म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. हा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी कुठे आहे ते विसरतो आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा ठीक बोलतो. मुख्य दोष स्मरणाचा नसून अवधानाचा असतो: मन एका गोष्टीवर टिकत नाही. कारणे बहुधा शरीरात असतात. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी वा सोडियम कमी होणे, प्राणवायूची कमतरता, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दबलेली वेदना, शस्त्रक्रिया, झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही साधी औषधे, मद्य अचानक बंद होणे. त्यात चष्मा घरी राहिला, कानातले यंत्र पिशवीत पडून राहिले, रात्रभर दिवे चालू आणि झोप नाही, एवढेही पुरते. वृद्धांमध्ये आणि अतिदक्षता विभागात ही अवस्था अतिशय सामान्य आहे. कारण लवकर सापडले तर ती बहुधा ओसरते. न सापडल्यास रुग्णालयातला मुक्काम लांबतो, मृत्यूचा धोका वाढतो आणि पुढे बुद्धी पूर्ववत न होण्याचाही. ‘शांत करणारे’ इंजेक्शन हे त्याचे उत्तर नव्हे. अतिदक्षता विभागातील रुग्णांना हॅलोपेरिडॉल दिल्याने डिलिरियमचे दिवस कमी होत नाहीत, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले.

आणि ही इतकी सामान्य अवस्था सर्रास निसटते. सर्वांत जास्त निसटतो तो तिचा मूक प्रकार. कारण उघड आहे. खाटेवरून उतरणारा रुग्ण सर्वांना कामाला लावतो, निपचित पडलेला कोणालाच त्रास देत नाही. तीस-चाळीस खाटांच्या कक्षात रात्रपाळीला दोन परिचारिका असतील, तर त्या कोणाकडे धावतील हे सांगायला नको. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सकाळच्या फेरीत डॉक्टर खाटेशी थांबतात ती दोन-चार मिनिटे, आणि नेमकी ती वेळ रुग्णाची बरी असू शकते. चढउतार हेच ज्या विकाराचे लक्षण, तो दिवसातून एकदा पाहून कसा दिसावा?

डिलिरियम ओळखण्याची आज जगभर वापरली जाणारी पद्धत शॅरन इनॉय या अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: बदल अचानक झाला आहे का व तो कमी-जास्त होतो का, अवधान टिकते का, विचार विस्कळीत आहेत का, आणि जागेपणाची पातळी बदलली आहे का. पहिल्या दोन असाव्याच लागतात, उरलेल्यांपैकी एक पुरते. यातली पहिली अट नीट वाचावी. ‘बदल’ झाला आहे का. कशापासून बदल? काल संध्याकाळी दाखल झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेल्या वृद्धेचा ‘मूळ’ स्वभाव तरुण निवासी डॉक्टरला कोठून ठाऊक असणार? निदानाची पहिली पायरीच अशी आहे की ती चढण्यासाठी त्या माणसाचा पूर्वेतिहास हवा. आजारांचा नव्हे, वागण्याचा.

हे तिकडच्या संशोधकांच्याही ध्यानात आले. या पद्धतीची घरच्यांना विचारण्याजोगी आवृत्ती झाली आणि २०१२ साली तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१० साली कर्करोगाच्या रुग्णांबाबत आणखी सोपा प्रयोग झाला होता: जवळच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा, की यांचा गोंधळ अलीकडे वाढला आहे असे तुम्हांला वाटते का? त्या एका प्रश्नाने बरेच रुग्ण पकडले गेले. हे अभ्यास लहान होते, दुसरा तर अवघ्या २१ रुग्णांचा, त्यामुळे त्यांच्या टक्केवारीवर इमले बांधू नयेत. परंतु त्यांनी दाखवलेली दिशा सामान्य शहाणपणाशी जुळणारी आहे.

आता आमच्या प्रांतात येतो.

अवधान आणि भान तपासण्याचे जे प्रश्न प्रचलित आहेत, ते सारे शाळा-कचेरीच्या संस्कृतीतून आलेले आहेत. तुमचे वय काय, जन्मतारीख सांगा, हे कोणते साल, महिने उलटे म्हणा. महाराष्ट्रातल्या सत्तरी-ऐंशीतल्या ग्रामीण स्त्रीला जन्मतारीख विचारून काय कळणार? त्या पिढीत जे शाळेत गेले त्यांतल्या असंख्यांचा जन्म गुरुजींनी १ जूनला लावून दिला, आणि ज्या गेल्याच नाहीत त्यांना तेवढीही तारीख नाही. तिचे कालमापन वेगळे असते. थोरला कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या साली झाला, धाकटी बहात्तरच्या दुष्काळात पोटात होती. हे तिला काल सांगता येत होते आणि आज येत नाही, तर काहीतरी घडले आहे. महिने उलटे म्हणायला सांगायचेच असेल तर डिसेंबर-नोव्हेंबर कशाला? फाल्गुनाकडून चैत्राकडे यायला सांगून पाहावे, किंवा आठवड्याचे वार. तेही तिला पूर्वी जमत होते का, हे लेकीला किंवा सुनेलाच माहीत.

बोलीचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे मुंबई-पुण्याच्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना कळत नाही. परिचारिका केरळची असेल, डॉक्टर आणखी कुठला. अशा वेळी दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. नीट अर्थपूर्ण बोलणे ‘असंबद्ध’ म्हणून नोंदले जाते, आणि खरोखर असंबद्ध झालेले बोलणे ‘त्यांची भाषा आहे’ म्हणून सोडून दिले जाते. शब्दांची जुळणी कुठे विस्कटली, हे त्या बोलीचा जाणकारच सांगू शकतो, आणि खाटेपाशी तसा जाणकार सहसा एकच असतो: स्टुलावर बसलेला, रात्रभर न झोपलेला नातेवाईक.

आमच्यापैकी एकीच्या सासूबाई खुब्याचे हाड मोडल्याने शस्त्रक्रियेसाठी दाखल होत्या. (रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, असे कुठेही होऊ शकते.) तिसऱ्या दिवशी त्या सुनेला ‘अहो’ म्हणू लागल्या. पंचवीस वर्षे जिला ‘अगं’ म्हणून हाक मारली तिला ‘तुम्ही जरा पाणी देता का’, असे, अत्यंत आदबीने. बाकी काही नाही. आरडाओरडा नाही, भास नाहीत. उशिरापर्यंत झोपून होत्या, जेवण परत गेले. सुनेने सांगितले, ‘आई नेहमीसारख्या नाहीत, मला अहो-जाहो करताहेत.’ ड्यूटीवरच्या डॉक्टरांना त्यात हसू आले असल्यास नवल नाही. वयोमानाने होते, भूल उतरायची आहे, असे उत्तर मिळाले. कागदावर ‘रुग्ण शांत, तक्रार नाही’ अशी नोंद होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त तपासले तेव्हा सोडियम बरेच उतरलेले निघाले. ते सावकाश भरून काढल्यावर तीन-चार दिवसांत ‘अगं’ परत आले.

मराठीतील तू-तुम्ही-आपण यांवर व्याकरणाच्या तासाला आम्ही पुष्कळ बोलतो. माणसाच्या मनात नात्यांचा नकाशा शाबूत आहे की नाही, हे या सर्वनामांतून जितके चटकन कळते तितके ‘हे कोणते शहर’ या प्रश्नातून कळणार नाही. परंतु ते कळते कोणाला? ज्याला नेहमीचे सर्वनाम ठाऊक आहे त्याला.

इथे साहित्याच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट बोलायला हवी. भ्रमात बोललेले तेच खरे, ही समजूत साहित्याने आणि नाटक-सिनेमाने फार खोल रुजवली आहे. झोपेत चालणारी लेडी मॅक्बेथ हातावरचा डाग धूत गुन्हा उघड करते. तापाने फणफणलेला नायक बरळताना नायिकेचे नाव घेतो आणि घरादाराला गुपित कळते. रंगमंचावर ही युक्ती उत्तम चालते. घरात मात्र तिचे परिणाम भीषण होतात. डिलिरियममध्ये संशय हे नेहमीचे लक्षण आहे: ‘ही मला विष घालते आहे’, ‘हे सगळे माझ्या जिवावर टपले आहेत.’ रुग्ण बरा होतो, त्याला यातले काही धड आठवतही नाही, पण जिने रात्रंदिवस शी-मुतापासून केले तिच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षे राहते. ‘मनात होते तेच बाहेर आले’, असे नातलगही तिला ऐकवतात. त्या वाक्यामागे मन नव्हते, बिघडलेले रसायन होते, हे तिला कोणीतरी अधिकाराने सांगायला हवे. आणि सांगण्यासाठी आधी डिलिरियम ओळखलेला आणि कागदावर लिहिलेला हवा. याच शेक्सपिअरने फॉल्स्टाफच्या मृत्यूचे वर्णन खानावळवाल्या बाईच्या तोंडून करवले आहे. चादर चाचपणारी त्याची बोटे, अंगाचा गारठा, बरळणे, हे सारे ती सांगते. त्यातून ती गुपिते काढत नाही, जे पाहिले ते क्रमाने सांगते. शुश्रूषा करणाऱ्याचे निरीक्षण कसे असते याचा असा नमुना वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही वाचायला द्यावा.

मग रुग्णालये नातेवाइकांना विचारत का नाहीत? याला इतिहास आहे आणि तो एकतर्फी नाही. आपल्याकडे नातेवाईक म्हणजे गर्दी, आणि प्रसंगी धोका. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि त्यानंतर सुरक्षारक्षक वाढवणे व रुग्णामागे मोजक्यांनाच पास देणे यांवर भर आला. मारहाणीचे समर्थन कोणीही करणार नाही, आम्ही तर नाहीच. परंतु या वातावरणात नातेवाईक ही आवरण्याची गोष्ट ठरली, ऐकण्याची राहिली नाही. एका बाजूने त्याच्याकडून स्ट्रेचर ढकलून घ्यायचे, औषधे आणवायची, रक्ताची बाटली घेऊन पळवायचे, भांडे द्यायला लावायचे. आणि त्याने ‘आज यांचे काहीतरी वेगळे आहे’ म्हटले की ‘बाहेर थांबा’ म्हणायचे. त्याचे हात चालतात, डोळे चालत नाहीत.

२०२०-२१ च्या कोविडकाळात नातेवाईक पूर्णच बाहेर राहिले. त्या काळातल्या चौदा देशांतील २,०८८ अतिदक्षता-रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना डिलिरियम झाल्याचे दिसले, आणि ज्यांची घरच्यांशी प्रत्यक्ष किंवा पडद्यावरून भेट होत होती त्यांच्यात धोका कमी आढळला. मात्र यावरून ‘नातेवाईक बसवा, काम झाले’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली, तो प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. डिलिरियमचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले, १८.९ आणि २०.१ टक्के. नातेवाइकांची चिंता मात्र कमी झाली. आम्हांला यातून उलट आमच्या मुद्द्याला बळ मिळाल्यासारखे वाटते. नुसते बसू देणे आणि विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांपैकी ज्यांच्याकडे ठरवून लक्ष पुरवले (चष्मा-श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, पाणी पाजणे, उठवून चालवणे, रात्री झोप मोडू न देणे, वार-तारीख सांगत गप्पा मारणे) त्यांच्यात डिलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के होते, इतरांत १५. तिथे हे काम प्रशिक्षित पथक आणि स्वयंसेवकांनी केले. आपल्याकडे खाटेपाशी माणूस आधीच हजर असतो. त्याला काय पाहायचे आणि कोणाला सांगायचे, एवढे कळले तरी पुष्कळ होईल.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. हे ‘घरचे माणूस’ म्हणजे बहुतेक वेळा बाई. सून, लेक, बायको. आधीच तिच्या रजा संपलेल्या, घरी डबे, इथे जागरण. तिच्यावर आता निदानाचीही जबाबदारी टाकायची, आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या, हा स्वस्त मार्ग सरकारला आणि खासगी व्यवस्थापनालाही आवडेल. म्हणून स्पष्ट लिहितो: तिने काम वाढवून घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. ती जे पाहते ते ती आताही पाहतेच आहे. ते लिहून घ्यावे असे म्हणतो. एरवी घडते ते असे, की रात्रभर सुनेने पाहिले आणि सकाळी डॉक्टरांनी विचारले ते नुकत्याच आलेल्या मुलाला. मुलगा म्हणतो, ‘बरी आहे की आई, आता बोलली माझ्याशी.’ सून मागे थर्मास धुवायला गेलेली असते. ब्यूरोमार्फत आलेल्या मावशींचे तर कोणी नावही विचारत नाही, मग मत कोठून विचारणार?

करायचे ते थोडके आहे. रुग्णाच्या तक्त्यावर तापमान-नाडी-रक्तदाब यांच्या खाली एक ओळ हवी, आणि प्रत्येक पाळीला, विशेषतः संध्याकाळी आणि पहाटे, जो कोणी जवळ बसला आहे त्याला एकच प्रश्न: ‘आज हे नेहमीसारखे आहेत का?’ उत्तर ‘नाही’ आले तर ‘काय वेगळे वाटते?’ एवढे विचारून त्याच्याच शब्दांत लिहायचे आणि त्या दिवशी डॉक्टरांनी नीट तपासायचे. ‘भ्रम आहे का’ असे विचारू नये. तो शब्द ऐकताच माणसे घाबरतात किंवा अपमान समजून ‘छे छे’ म्हणतात. ‘गोंधळ’ त्यापेक्षा बरा, पण मूक रुग्णाला तोही लागू होत नाही. ‘नेहमीसारखे’ या साध्या शब्दात दोन्ही प्रकार मावतात.

ज्यांच्या खाटेपाशी कोणीच नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो वाढता आहे. पुण्यात असे वृद्ध पुष्कळ आहेत ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा बेंगळुरूला असतात. त्यांच्यासाठी दाखल करतेवेळीच अर्धे पान लिहून ठेवता येईल: ऐकू कितपत येते, चष्मा कोणता, रोज पेपर वाचतात का, शब्दकोडे सोडवतात का, बोलके की अबोल, कोणाला काय म्हणून हाक मारतात, झोप कधी. हे सांगायला मुलगाच हवा असे नाही. शेजारच्या काकू, वीस वर्षे पोळ्या करणाऱ्या बाई, बागेतल्या कट्ट्यावरचे मित्र, यांना ते मुलापेक्षा अधिक ठाऊक असते. मुलाचा रात्री फोन येतो तेव्हा त्यालाही विचारावे, बाबांचा आवाज कसा वाटला? फोनवर का होईना, त्याने तो आवाज जन्मापासून ऐकलेला असतो.